विश्लेषण : चाळिशीतल्या पुरुषांच्या रक्तातील ‘पॉलिअमाइन्स’ काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर भागात सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणारे चाळिशीतले पुरुष पाहिले, तर त्यातले अनेक जण ‘जाड’ वाटत नाहीत. हात-पाय सडपातळ, शर्ट मात्र पोटावर थोडा ताणलेला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत वजन ‘नॉर्मल’ येते, रिपोर्टवर एक-दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि रिपोर्ट कपाटात जातो. नेमक्या याच वयोगटाला सध्या मोबाईलवर एक नवे नाव वारंवार दिसू लागले आहे, ते म्हणजे स्पर्मिडीन. ‘पेशी तरुण ठेवा’, ‘चरबी जाळा’, ‘वय थांबवा’ अशा जाहिरातींसह या कॅप्सूल ऑनलाइन विकल्या जातात. रक्तातील पॉलिअमाइन्सचे प्रमाण आणि मधुमेह, लठ्ठपणा, फॅटी लिव्हर यांचा संबंध सांगणारे संशोधनही त्यासोबत पुढे ढकलले जाते. संशोधन खरे आहे. मात्र त्यातून काढलेले निष्कर्ष तितकेसे पक्के नाहीत.

पॉलिअमाइन्स म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीत असलेले हे छोटे रेणू. मुख्य तीन : पुट्रेसीन, स्पर्मिडीन आणि स्पर्मीन. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, तर डीएनए आणि आरएनएवर ऋण. त्यामुळे हे रेणू त्यांना चिकटून राहतात, त्यांना स्थिर ठेवतात आणि पेशीत प्रथिने तयार होण्याच्या कामात मदत करतात. जिथे पेशी वेगाने वाढतात तिथे यांचे प्रमाण जास्त असते.

नावावरून अनेकांच्या मनात जो प्रश्न येतो, त्याचे उत्तर होय असेच आहे. १६७८ मध्ये डच संशोधक अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात स्फटिक पाहिले. ते स्पर्मीनचे होते, हे कळायला पुढे दोन शतकांहून अधिक काळ लागला. पुरुषांच्या शरीरात प्रोस्टेट ग्रंथीत पॉलिअमाइन्स सर्वाधिक असतात. पण ही केवळ ‘पुरुषी’ रसायने नाहीत. स्त्रिया, मुले, झाडे, जिवाणू, सगळ्यांच्या पेशींत ती असतात आणि त्यांचा मर्दानगीच्या औषधांशी काही संबंध नाही.

शरीराला ती तीन वाटांनी मिळतात : पेशी स्वतः तयार करतात, अन्नातून येतात आणि आतड्यातले जिवाणूही बनवतात.

चयापचयाशी संबंध कसा आला?

इथे दोन वेगळे धागे आहेत आणि जाहिरातीत ते एकत्र बांधलेले असतात.

पहिला धागा पेशीच्या साफसफाईचा. पेशी आतले खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरात आणते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात. ही प्रक्रिया उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. २००९ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथील फ्रँक माडेओ यांच्या गटाने दाखवले की स्पर्मिडीन दिल्यावर यीस्ट, माश्या आणि कृमी यांचे आयुष्य वाढते आणि त्यामागे ऑटोफॅजी आहे. २०२४ मध्ये याच गटाच्या पुढच्या संशोधनात उपवासाच्या काळात शरीरातील स्पर्मिडीन वाढते, असे आढळले. माणसांतही ते दिसले. प्राण्यांत स्पर्मिडीन तयार होणेच रोखले, तर उपवासाचा फायदा कमी झाला. (इथे उपवास म्हणजे खरोखर न खाणे. साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि शेंगदाण्याचा लाडू असलेली ‘दुप्पट खाशी’ एकादशी यात मोडत नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता लांब उपवास केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.)

दुसरा धागा चरबीचा आहे आणि तो अधिक रंजक आहे. चरबीच्या पेशीत पॉलिअमाइन्स सतत बनतात आणि सतत मोडतात. मोडण्याचे काम करणाऱ्या एका एन्झाइमला ‘एसएसएटी’ म्हणतात. विहिरीतले पाणी मोटारीने टाकीत चढवायचे आणि टाकीचा नळ उघडा ठेवून पुन्हा विहिरीत सोडायचे, असे काहीसे हे चक्र आहे. पाण्याचा साठा तेवढाच राहतो, पण मोटारीचे वीजबिल येत राहते. हे ‘वीजबिल’ म्हणजे खर्च होणारी ऊर्जा. २००७ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथील शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये हे एन्झाइम जास्त प्रमाणात तयार होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा ते उंदीर सडपातळ राहिले. ज्या उंदरांत हे एन्झाइम नव्हते, त्यांच्यात चरबी साठली. २०१४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की चरबी आणि यकृतातील दुसरे एक एन्झाइम दाबले, तर हेच चक्र वेगाने फिरते आणि तूपकट आहारावरचे उंदीर कमी लठ्ठ होतात.

यातला मुद्दा नीट पाहायला हवा. फरक पॉलिअमाइन्स किती साठली यामुळे पडला नाही, तर चक्र किती वेगाने फिरले यामुळे पडला. टाकीतल्या पाण्याची पातळी मोजून मोटार किती वेळ चालली हे कळत नाही. रक्ताची चाचणी मात्र फक्त पातळी मोजते.

मग रक्तातले प्रमाण जास्त असणे चांगले की कमी?

इथेच सगळी गडबड आहे. वयानुसार शरीराच्या अनेक ऊतींमध्ये स्पर्मिडीन कमी होते. इटलीतील २०१२ च्या एका अभ्यासात नव्वदी-शंभरी गाठलेल्या लोकांच्या रक्तात मात्र स्पर्मिडीन आणि स्पर्मीनचे प्रमाण टिकून असल्याचे दिसले. यावरून ‘जास्त म्हणजे चांगले’ असे वाटू शकते. पण २०११ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी लठ्ठ मुलांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्यातही पॉलिअमाइन्स वाढलेलीच निघाली आणि सोबत पेशींवरील ताणाचे निदर्शकही वाढलेले होते. म्हणजे एकच आकडा शंभरीतल्या आजोबांचाही असू शकतो आणि लठ्ठ मुलाचाही.

कारण वाढीमागची कारणे वेगळी असतात. पेशी निरोगी असल्याने पातळी टिकून राहणे वेगळे आणि चरबीच्या ऊतींची वाढ, जळजळ यामुळे पातळी चढणे वेगळे. शिवाय पॉलिअमाइन्स मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ॲक्रोलीन ही त्रासदायक द्रव्ये तयार होतात. ॲक्रोलीन आपल्या ओळखीचे आहे. कढईतले तेल फार तापले की नाकाला झोंबणारा जो धूर येतो, त्यात तेच असते. जपानमधील काझुएइ इगाराशी यांच्या गटाने पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये ॲक्रोलीनमुळे होणाऱ्या इजेचा बराच अभ्यास केला आहे.

कर्करोगाचा संदर्भही आहेच. वेगाने वाढणाऱ्या गाठींना पॉलिअमाइन्स भरपूर लागतात. १९७१ मध्येच डायन रसेल यांनी कर्करुग्णांच्या लघवीत ती वाढलेली असल्याचे नोंदवले होते. शरीरात पॉलिअमाइन्स तयार होणे रोखणाऱ्या एफ्लोर्निथीन या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२३ मध्ये न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगात वापरण्यास मान्यता दिली. जे रसायन एका ठिकाणी ‘वाढवा’ म्हणून विकले जाते, ते दुसऱ्या ठिकाणी कमी करण्यासाठी डॉक्टर औषध देतात. यावरून स्पर्मिडीनने कर्करोग होतो असा अर्थ काढू नये. पण ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

मोजमापाचीही अडचण आहे. रक्तातील बहुतांश पॉलिअमाइन्स तांबड्या पेशींमध्ये असतात, प्लाझ्मात फारच थोडी. नमुना घेताना किंवा नेताना काही तांबड्या पेशी फुटल्या, तरी प्लाझ्मातला आकडा फुगतो. एका अभ्यासाने पूर्ण रक्त मोजले आणि दुसऱ्याने प्लाझ्मा, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. साखर किंवा कोलेस्टेरॉलसारखी सर्वमान्य ‘नॉर्मल’ मर्यादा इथे ठरलेली नाही आणि मधुमेहाच्या कोणत्याही प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत ही चाचणी करायला सांगितलेली नाही.

कॅप्सूलचे काय?

माणसांवरचा सर्वाधिक उल्लेख होणारा अभ्यास उत्तर इटलीतील ब्रुनेक गावचा. तेथील ४५ ते ८४ वयाच्या ८२९ लोकांचा आहार नोंदवून त्यांच्यावर २० वर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांच्या आहारात स्पर्मिडीन सर्वाधिक होते, त्यांच्यातील मृत्यूचा धोका कमी होता. सर्वांत वरच्या आणि खालच्या गटातला फरक ५.७ वर्षांनी तरुण असण्याइतका भरला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा जाहिरातींत हमखास दिसतो. पण तिथे कोणी कॅप्सूल खात नव्हते. ती माणसे पूर्ण धान्य, फळे, सॅलड खात होती आणि असे खाणाऱ्यांच्या इतर सवयीही बहुधा चांगल्या असतात. संशोधकांनी त्याचा हिशेब धरण्याचा प्रयत्न केला, तरी अशा अभ्यासातून ‘यामुळेच ते झाले’ हे सिद्ध होत नाही.

प्रत्यक्ष चाचण्यांचे निकाल थंड आहेत. जर्मनीत १०० ज्येष्ठांना वर्षभर गव्हाच्या अंकुरातून मिळवलेले स्पर्मिडीन किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. स्मरणशक्तीत फरक पडला नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. २०२३ च्या आणखी एका जर्मन चाचणीत १२ निरोगी व्यक्तींना रोज १५ मिलिग्रॅम स्पर्मिडीन दिले. त्यांच्या रक्तातील स्पर्मिडीन वाढलेच नाही, वाढले ते स्पर्मीन. म्हणजे गोळीतले स्पर्मिडीन रक्तात त्या रूपात पोहोचण्याआधीच शरीराने त्याचे रूपांतर केले. मधुमेह टळला, पोट कमी झाले किंवा फॅटी लिव्हर बरे झाले असे मोठ्या मानवी चाचणीत दाखवणारा पुरावा विक्रेत्यांकडे नाही.

आपल्याकडच्या पुरुषांबद्दल काय माहीत आहे?

बरेच काही आणि त्याचा मोठा भाग पुण्यात सापडला आहे.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ नावाने प्रसिद्ध झालेल्या या एका छायाचित्राने वजनकाट्यावर विसंबून राहण्यातला धोका जगाला दाखवला. भारतीय माणूस दिसायला बारीक, पण आतून ‘मेदयुक्त’ असू शकतो. पुंडलिकनगरच्या बसथांब्यावरचा सडपातळ हाताचा आणि ताणलेल्या शर्टाचा पुरुष याच गटातला असण्याची शक्यता मोठी.

याज्ञिक यांच्याच गटाने पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला. त्यात खेड्यातले १४९, शहरातील झोपडपट्टीतले १४२ आणि शहरी मध्यमवर्गातले १५० जण होते. शहराकडे येताना शरीरातील चरबी वाढत गेली, हे अपेक्षितच होते. धक्कादायक आकडा होता ब१२ जीवनसत्त्वाचा. एकूण ६७ टक्के पुरुषांत ते कमी निघाले आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. ब१२ कमी पडले की होमोसिस्टीन वाढते. ५८ टक्के पुरुषांत ते वाढलेले होते.

पॉलिअमाइन्सच्या गोष्टीत ब१२ कुठून आले? पुट्रेसीनपासून स्पर्मिडीन आणि त्यापासून स्पर्मीन तयार करताना पेशीला मेथिओनीन या अमिनो आम्लापासून बनलेला एक तुकडा जोडावा लागतो. वापरलेले मेथिओनीन पुन्हा तयार करण्याच्या एका मुख्य मार्गात ब१२ लागते. कारखान्याच्या भाषेत, दोन्ही लाईनना कच्चा माल एकाच स्टोअरमधून जातो. ब१२ कमी म्हणून पॉलिअमाइन्स कमी, असे सरळ गणित मांडता येणार नाही, कारण शरीराकडे पर्यायी वाटाही आहेत. फरक इतकाच की या साखळीतील ब१२ साध्या लॅबमध्ये मोजता येते, त्याची मर्यादा ठरलेली आहे आणि कमतरता स्वस्तात भरून निघते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ब१२ आणखी घटू शकते. त्यामुळे हातापायांना मुंग्या आल्या की त्या फक्त ‘शुगरमुळे’ आहेत, असे गृहीत धरू नये.

समस्येचा आवाका समजण्यासाठी आणखी दोन आकडे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, तर १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांना बहुधा काहीच त्रास होत नसतो.

पाळी आणि शरीराचे घड्याळ

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक संशोधन लक्षवेधी आहे. २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील गाद अशेर यांच्या गटाने दाखवले की पॉलिअमाइन्सची पातळी पेशींमधील दिवस-रात्रीच्या घड्याळाचा वेग ठरवण्यात भाग घेते. वय वाढले, पॉलिअमाइन्स घटली, की उंदरांचे घड्याळ मंदावते. पिण्याच्या पाण्यातून स्पर्मिडीन दिल्यावर वयस्कर उंदरांचे घड्याळ काही अंशी सुधारले. माणसांच्या रात्रपाळीवर हा उपाय असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही. रात्रपाळीचा आणि मधुमेहाच्या वाढत्या धोक्याचा संबंध मात्र अनेक अभ्यासांत दिसला आहे. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याने रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये काय आणि किती खाल्ले, हा प्रश्न त्याच्या स्पर्मिडीनपेक्षा आज तरी जास्त महत्त्वाचा आहे.

ताटात काय आहे?

वाढणाऱ्या पेशींत पॉलिअमाइन्स जास्त असतात, म्हणून गव्हाचा अंकुर, मोड आलेली कडधान्ये, वाटाणे, मशरूम आणि सोयाबीन हे चांगले स्रोत आहेत. जपानमध्ये कुनियासू सोदा यांनी निरोगी पुरुषांना दोन महिने ‘नाट्टो’ हे आंबवलेले सोयाबीन खायला दिले, तेव्हा रक्तातील स्पर्मीन वाढल्याचे दिसले.

यातला गमतीचा भाग असा की मराठवाड्याच्या शिवारात खरिपाला सोयाबीनच सोयाबीन असते, पण घरात येते ते प्रामुख्याने तेल. पॉलिअमाइन्स पाण्यात विरघळणारी असल्याने ती तेलासोबत येत नाहीत, मागे पेंडीत राहतात. गव्हाचेही तसेच. मैदा करताना कोंडा आणि अंकुर दोन्ही बाजूला काढले जातात. गिरणीतून दळून आणलेल्या पिठात ते असतात. बेकरीतल्या खारी-टोस्टऐवजी घरची पोळी आणि मटकीची उसळ, हा बदल करायला कॅप्सूलच्या बाटलीइतके पैसे लागत नाहीत. त्यातून मिळणारे तंतू आणि प्रथिने साखरेसाठी उपयोगी आहेत, हे पॉलिअमाइन्सचा विषय बाजूला ठेवला तरी खरे आहे. पोळ्या मात्र मोजून.

मग रिपोर्टमध्ये पाहायचे काय?

कपाटातला तोच रिपोर्ट बाहेर काढावा. चयापचय बिघडल्याची, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोमची, आंतरराष्ट्रीय व्याख्या पाच गोष्टींवर उभी आहे आणि त्यातल्या तीन जुळल्या तर निदान होते. भारतीय पुरुषासाठी कंबर ९० सेंटिमीटर किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा अधिक. ‘चांगले’ कोलेस्टेरॉल एचडीएल ४० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. यातला प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर ‘थोडासाच वाढलाय’ असे वाटते आणि तिथेच फसगत होते. साखर १०४, ट्रायग्लिसराइड्स १८०, कंबर ९४ असलेल्या माणसाला तीन वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी नसतात, त्याला एकच आजार सुरू झालेला असतो. एचबीए१सी ५.७ ते ६.४ दरम्यान असेल, तर तो मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे.

कंबर पँटच्या नंबरावरून सांगू नये. पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात, त्यामुळे नंबर वर्षानुवर्षे ३४ च राहतो आणि पोट पुढे जात राहते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा भाग यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, शिंप्याच्या टेपने मोजावे.

रात्रपाळी संपवून थेट लॅबमध्ये रक्त देणेही टाळलेले बरे. झोप न झालेल्या शरीराची साखर वेगळी येऊ शकते. शक्य असेल तर रात्रीची नीट झोप झालेल्या दिवशी, उपाशीपोटी नमुना द्यावा. ॲनिमिया असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे, कारण त्यामुळे एचबीए१सीचा आकडा चुकू शकतो.

तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारच्या असंसर्गजन्य आजार नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट आहे. ती सरकारी आरोग्य केंद्रांवर मोफत होते. सोबत आधार कार्ड आणि आधीचा रिपोर्ट असल्यास तो न्यावा.